हळदीची फ्लॉपी

१४ ऑक्टोबर २००२, सोमवार

नाव: संदेश. शिक्षण: दहावी (दोनदा). अनुभव: दुधाच्या टँकरवर क्लीनर, टोकावड्याच्या ढाब्यावर मॅनेजर (ऑर्डर घेणं हे मॅनेजमेंटच असतं), आसनगावला वीटभट्टीवर मुकादम, एक आठवडा. सध्या: नथूकाकांच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड मास्टर.

डायरी कोणालाही वाचायला देणार नाही. पुढेमागे माझ्यावर कोणी लिहायला घेतलं तर बघू.

काकांनी कीबोर्ड कल्याणहून सेकंडहँड आणलाय. शंभर ताल, रंगीत बटणं, उजव्या अंगाला फ्लॉपीची खाच. गावात त्याला पेटी म्हणतात. मी प्रत्येकाला सुधारतो. कोणी सुधारत नाही.

फ्लॉपी एकच, तिच्यात बारा गाणी. वर माझ्या अक्षरात 'हळद – संदेश'. सगळी गाणी मी भरली. वाजवली भगीरथने, पण रेकॉर्डचं बटण मी दाबलं. बटण न दाबता माणूस जन्मभर वाजवत बसला तरी काय उपयोग?

भगीरथ माझा लहानपणापासूनचा दोस्त. पार्टीत ढोलकी वाजवतो. हात बरा आहे. मशीनचं डोकं नाही.

रविनाचं, म्हणजे माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. हळद १४ डिसेंबरला, आमच्याच अंगणात. तिचं मागणं एकच: सात नंबर. सात नंबर म्हणजे फ्लॉपीतलं सातवं गाणं, गावच्या लहानीकाकूचा धवला; बायका हळदीला म्हणतात ते जुनं गाणं. गावात हळद लागली की काकू जात्यापाशी बसून धवला गायची. यंदा तिला दम लागतो, दोन ओळींत खोकला येतो. म्हणून उन्हाळ्यात भगीरथ तिच्या ओट्यावर बसून चाल उतरवून घेत होता. म्हणजे आम्ही दोघं घेत होतो. मी ओट्यावर होतो.

रविना म्हणाली, दादा, माझ्या हळदीला काकूचा धवला वाजलाच पायजे हां. मी म्हटलं, वाजला समज.

संकल्प:
पहाटे रियाज.
हातातलं काम सोडून दुसरीकडे जायचं नाही.
कोणावर भरवसा ठेवायचा नाही. जग दगाबाज आहे.

१५ ऑक्टोबर, दसरा

काकांच्या पडवीत वाद्यांची पूजा. बेंजो, ढोलकी, ताशा, कीबोर्ड ओळीने पाटावर. काकांनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, नारळ फोडायला घेतला. फ्लॉपीकडे कोणाचं लक्षच नाही! म्हटलं, काका, गाणी हिच्या पोटात आणि पूजा बाहेरच्यांची? काका म्हणाले, मग लाव ना बाबा तूच.

फ्लॉपीला पत्र्याचं सरकतं दार असतं. ते सरकवलं की आत काळी चकती. देवळाचं दार लावून कोणी देवाला गंध लावतं का? दार उघडलं. ओल्या बोटाने हळद, मग कुंकू, वर चिमूटभर अक्षता. दार सोडलं, आपोआप मिटलं. देवीने प्रसाद आत घेतला असं वाटलं. अंगावर काटा आला.

भगीरथ म्हणाला, येड्या, वरल्या कागदाला लावायचं रे, आत कशाला घातलंस? मी म्हटलं, भक्ती वरवरची नसते. तो हसला. हसू दे. त्याने आपट्याचं पान दिलं, मी घेतलं.

१६ ऑक्टोबर

पहाटे रियाजाला उठलो. आई म्हणाली, उठलाच हाईस तं चल कापणीला. कलाकाराच्या बोटांत विळा! उद्यापासून उशिरा उठायचं.

२० ऑक्टोबर

भगीरथ म्हणाला, एका फ्लॉपीवर राहायचं नाय. दे माझ्याकडे, मुरबाडला वाळूच्या दुकानात कॉम्प्युटर हाये, दुसरी काढून आणतो. वाळू हे माणसाचं नाव. हा मुरबाडचा, त्याचीही बेंजो पार्टी आहे. म्हणजे दुश्मन.

दिली नाही. एवढा गोड बोलतोय म्हणजे काहीतरी असणार. म्हटलं, मीच जातो.

२४ ऑक्टोबर

परवा निघालो फ्लॉपीच्या कामाला. शहापूरहून मुरबाडपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे. स्टँडवर एका जीपवाल्याने हाक मारली. मागे बोकड होते, धरायला माणूस हवा होता. म्हटलं, टोकावड्यापर्यंत जाऊन येऊ. टोकावड्याला तो म्हणाला, आता घाटापर्यंत चल की. माळशेजला काय हवा! काय ढग! बोकडसुद्धा गप्प झाले. रात्री त्याच्याच मेव्हण्याकडे मुक्काम, सकाळी तिथल्या बाजारात गॉगल घेतला.

फ्लॉपी राहिली. पण कलेला निसर्ग लागतो. आई म्हणाली, बोकडांनी बरा परत सोडला तुला.

२६ ऑक्टोबर

भगीरथ न विचारता कीबोर्ड उघडून बसला आणि त्याने पाच गाणी मशीनच्या स्वतःच्या मेमरीत घातली. त्यात सात नंबर. म्हणाला, फ्लॉपीने धोका दिला तर ही हायत. पण खालचे सहा सेल काढायचे नाय हां. लाईट गेली, पिन निघाली, तरी सेलावर मेमरी टिकते. सेल गेले की पाटी कोरी.

मला शिकवतो! कीबोर्ड मास्टर कोण?

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. रियाज उद्यापासून नक्की.

आज वेस्ट इंडिजची मॅच. ऐन रंगात लाईट गेली, टीव्ही बंद. रेडिओ आणला तर त्यातले सेल मेलेले. अशा वेळी माणसाला मार्ग सुचावा लागतो. मला सुचला. कीबोर्डचे सेल फक्त मॅचपुरते काढले. देशाचं काम होतं.

हरलो. मन इतकं खट्टू झालं की दुसरं काही सुचलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

तुळशीची लग्नं लागली, सीझन सुरू. आज पहिली ऑर्डर, टोकावड्याला हळद. पांढरा शर्ट, गॉगल. रियाज झाला नाही, पण फ्लॉपीला रियाज लागत नाही हाच तिचा मोठेपणा. देवीचा आशीर्वाद आत आहेच. आज टोकावड्याला कळेल. तिथे मी पूर्वी मॅनेजर होतो.

२४ नोव्हेंबर

दगा.

लिहायला हात उचलत नाही, पण इतिहासासाठी लिहितो.

मांडव भरलेला. ढाब्याचा जुना शेठही खुर्ची टाकून बसलेला. नवऱ्याला पाटावर बसवलं. काकांनी खूण केली. मी गॉगल लावला, फ्लॉपी सारली, एक नंबर लावला. आतून खरवडल्यासारखा आवाज आला, कढईला उलथनं लागतं तसा. पडद्यावर: डिस्क एरर. काढली, फुंकर मारली, सारली. एरर. शर्टाला पुसली. एरर. मशीनच्या मेमरीत गेलो. पाचही जागा रिकाम्या. एकही गाणं नाही!

मग मशीनने इंग्रजीत विचारलं, फॉरमॅट करू? येस का नो? चारचौघांत नाही कसं म्हणायचं? येस दाबलं. परत खरवडलं. परत एरर.

लोक शिट्ट्या मारायला लागले. घाईत कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि कंपनीने आत भरलेलं डेमोचं गाणं सुरू झालं. परदेशी, धावतपळत जाणारं. ते बंद कसं करतात ते मला माहीत नाही, कारण तशी वेळ कधी आली नव्हती. करवल्या हळदीची वाटी घेऊन थबकल्या. नवऱ्याचा मामा ओरडला, अरे सर्कस आली काय गावात? हत्ती कुठं तुमचा? शेठ खुर्चीवरून म्हणाला, हत्ती पेटीवर बसलाय, गॉगल लावून!

मी लाईटची पिन खेचून काढली. रागात खेचली, त्यामुळे पिनची खाच जरा ढिली झाली. ती किरकोळ गोष्ट.

मग भगीरथने ढोलकी माझ्या मांडीवर दिली, पिन परत बसवली आणि चक्क हाताने वाजवायला बसला. मशीनमधला ताल लावला आणि दोन्ही हातांनी सूर. एकामागून एक सगळी गाणी! मामा नाचला. शेठ नाचला. मला कोणी नाच म्हणालं नाही.

म्हणजे इतके दिवस ह्याला हाताने येत होतं! आणि माझ्यासमोर ढोलकी घेऊन गरीब बनून बसायचा!

परतताना जीपमध्ये बसून विचार केला आणि सगळं उलगडलं. त्याने फ्लॉपी मागितली होती. दिली नाही हे खरं, पण मागितली म्हणजे मनात होतं. मशीनची मेमरी त्यानेच भरली, म्हणजे पुसताही त्यालाच येणार. फायदा कोणाचा झाला? त्याचा.

सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, गाणी तू पुसलीस. काका म्हणाले, संदेश, तोंड आवर. मी आवरलं नाही. वर म्हटलं, तू वाळूचा माणूस आहेस.

भगीरथ म्हणाला, रविनाच्या हळदीचं गाणं मी पुसेन रे? मी म्हटलं, पुसशील. तो मुरबाडला गाडी थांबवून उतरला. ढोलकी घेऊन गेला.

चोराच्या उलट्या बोंबा नाहीत, उलट गप्प बसणं! हाही एक पुरावाच.

२७ नोव्हेंबर

भगीरथ वाळूच्या पार्टीत गेला. बघा! मी म्हटलं होतं. काका म्हणतात, तूच घालवलास. काकाही त्यातलेच निघाले.

३० नोव्हेंबर

दुरुस्ती हाती घेतली. इलाज असे:

फ्लॉपी उन्हात वाळवली. उपयोग नाही.
तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवली. आई म्हणाली, आरं, भात शिजंल का गाणं?
मशीनच्या पाठीत धपाटे. रेडिओला लागू पडतात, ह्याला नाही.
लिंबूमिरची बांधली. डेमोचं गाणं आपोआप लागलं. सोडली.

शेवटी स्वतः मुरबाडला जाऊन, कुठेही न थांबता (रसवंतीत फक्त बसलो) नवीकोरी फ्लॉपी आणली. सारली. तोच खरवडण्याचा आवाज, तोच एरर. नव्या फ्लॉपीने तर भगीरथला पाहिलेलंसुद्धा नाही. म्हणजे किती खोलवर गेलाय हा माणूस!

५ डिसेंबर

ठरवलं: सात नंबर मीच हाताने वाजवणार. त्याला येतं तर मला का नाही? रविनाला सांगितलं. ती काही बोलली नाही. खुशीने बोलता आलं नसेल.

एका बोटाने सुरुवात केली. पहिली ओळ जवळजवळ आली. लहानीकाकू अंगणातून जाताना थांबली, ऐकलं, म्हणाली, कोणाचं पोर रडतंय गो?

८ डिसेंबर

तीन दिवस रियाज नाही. खर्डीला कुस्त्या होत्या. मी बघायला गेलो नव्हतो, रस्त्यात लागल्या.

१० डिसेंबर

काका म्हणाले, भगीरथ नसंल तं मी रविनाच्या हळदीची सुपारी धरत नाय, गावात हसं नको. मी म्हटलं, मी आहे ना. काका म्हणाले, म्हणूनच.

रात्री रविना माझ्या ताटासमोर येऊन बसली. म्हणाली, दादा, मला सोनं नाय मागितलं, फ्रीज नाय मागितला. एक गाणं मागितलं. काकू पुढल्या वर्षी असंल नसंल. तू भगीरथदादाला बोल, नाय तं पेटीच नको अंगणात, मी मुक्यानं हळद लावून घेईन.

जेवण गेलं नाही. सख्खी बहीणसुद्धा!

१२ डिसेंबर

मन मोठं करायचं ठरवलं. मुरबाडला जाऊन भगीरथला माफ करणार.

वाळूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत प्रॅक्टिस चाललेली. दार लोटलेलं. हात दारावर ठेवला आणि आतून सात नंबर ऐकू आला. वाळूच्या पार्टीला धवल्याचं काय काम? पण भगीरथ वाजवत होता, एकटाच, थांबून थांबून. मधेच चुकायचा, मागे जाऊन परत धरायचा. काकू जिथे दम घ्यायची, तिथे तोही थांबत होता.

ऐकत उभा राहिलो. दार ढकलायचं राहिलं. मग एसटीची वेळ झाली. घरी सांगितलं, भेटला नाही, बाहेरगावी गेलाय.

रविनाने माझ्याकडे नीट बघितलं.

१३ डिसेंबर

रविना सकाळीच, मी उठायच्या आत, एकटी मुरबाडला जाऊन आली. लग्नाला दोन दिवस राहिलेली पोरगी! आई मलाच बोलली. आली तेव्हा हसत होती. काय झालं ते मला कोणी सांगत नाही. घरात माझ्याविरुद्ध गुप्त बैठका चालू आहेत.

१५ डिसेंबर, रविवार

लग्न लागलं. रविना गेली. घर रिकामं आहे. सगळं नीट लिहून ठेवतो.

काल संध्याकाळी मांडवात भगीरथ आला. ढोलकी खांद्यावर. नथूकाकांनी त्याला मिठीच मारली. माझ्याजवळ आला आणि जीपमधलं काहीच घडलं नाही अशा आवाजात म्हणाला, फ्लॉपी दे बघू.

दिली. म्हटलं, बघ, बघ काय करून ठेवलंस.

त्याने ती घराच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात धरली. पत्र्याचं दार सरकवलं, फ्लॉपी उलटी केली, तळहातावर हळूच आपटली. आतून लालपिवळी पूड पडली. परत आपटली. तांदळाचा एक दाणा पडला. अख्खा, हळद लागलेला.

त्याने दाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. काका वाकून बघायला आले, रविना पाटावरून उठून आली, लहानीकाकूपण आली. काका म्हणाले, दसऱ्याचा काय रे हा? आणि त्यांनी उपरणं तोंडाला लावलं.

आता भगीरथ मला मारणार असं वाटलं. त्याने दाणा चिमटीत धरला, माझ्या डोक्यावर टाकला आणि म्हणाला, शुभमंगल सावधान.

मांडव फुटला हसण्याने. आई हसली. रविना हसता हसता पाटावर बसली. मी त्याला म्हणणार होतो, की माझा... म्हणजे जीपमध्ये मी जे... पण हसण्यात ऐकू आलं नसतं. म्हणून म्हटलं नाही.

ह्यात दोष कोणाचा हे मी देवीवर सोडलंय. मनापासून केलेल्या पूजेला असं फळ? सगळ्यात मोठा दगा तर तिकडूनच.

मग भगीरथ कीबोर्डवर बसला. मशीन चालू केलं, बंद पडलं. परत चालू, परत बंद. पिनची खाच ढिली. म्हणाला, सेल कुठं गेले खालचे? सेलवर तरी चाललं असतं. मी म्हटलं, चोरले कोणीतरी. जग कसं आहे तुला माहीत आहे. तो म्हणाला, मग ये, बस हिथं खाली, पिन धर. तिरकी धर. हलवू नको. हलली की गेलं सगळं.

टेबलाखाली बसलो. टेबलावर आईने लग्नाची चादर घातलेली, पुढून जमिनीपासून वीतभर वरपर्यंत. मला फक्त पाय दिसत होते. नाचणारे पाय, करवल्यांची पैंजणं, आमच्या मामाचे बूट. पाठीला मुंग्या, मानेत कळ. कोणाचा तरी लाडू आत घरंगळत आला. दोन्ही हात अडकलेले. तसाच राहिला.

आणि मग सात नंबर. ताल नाही, काही नाही, नुसते सूर, हळू. सगळे पाय थांबले. एक जुनी, भेगा पडलेली टाच टेबलाजवळ येऊन टेकली. लहानीकाकू. ती गायला लागली. एक ओळ. खोकला. भगीरथ थांबला. ती परत लागली, तोही लागला. असं करत करत तिने पूर्ण केलं. वरून हळदीचे थेंब चादरीवर पडत होते. मी पिन इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी झाली. एवढं एक काम मी हातातून सोडलं नाही. कोणी बघितलं नाही ही गोष्ट वेगळी.

खरं सांगायचं तर रविनाच्या हळदीचा सगळा करंट माझ्या हातातून गेला. भगीरथ नुसता वरून बोटं फिरवत होता.

आज निघताना रविना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्याजवळ आली, म्हणाली, दादा, काल धवल्याला तू कुठं होता रे? मी तुला शोधत होते. मी म्हटलं, खाली होतो. टेबलाखाली. ती रडता रडता परत हसली, मग जास्तच रडली, आणि गाडीत बसली.

भगीरथ ढोलकी घेऊन निघाला. परत काकांच्या पार्टीत येणार म्हणतो. जाता जाता म्हणाला, पुढल्या दसऱ्याला मशीनला लांबूनच नमस्कार कर हां.

घर फार शांत वाटत होतं म्हणून रेडिओ लावला. पहिल्याच झटक्यात लागला, खणखणीत. मागचं झाकण उघडून बघितलं.

सहाही सेल आतच आहेत.